डोमाच्या दारातला राजा

३ मे १९१३. गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. मुका सिनेमा. लांबी ३७०० फूट. हरिश्चंद्र झाला दत्तात्रय दाबके. बाई मिळेना म्हणून तारामती झाला अण्णा साळुंके, हॉटेलातला आचारी. राजपुत्र फाळक्यांचाच मुलगा, भालचंद्र.

गोष्ट श्रद्धेची. राजा राज्य दान करतो, बायकापोरासकट रस्त्यावर येतो. पोर मरतं. शेवटी शंकर प्रकटतो नि मेलेलं पोर उठून बसतं. वैद्य नाही, औषध नाही. राजा सत्त्वाला जागला, बस्स.

माझी आजी वगात हरिश्चंद्र बघून पदर डोळ्याला लावायची. मी सूतगिरणीतला माणूस, पाळी संपली की मिळेल ते वाचतो. मला मात्र डोम दिसतो. मसणवट्याचा धनी. राजा त्याच्या चाकरीला लागतो, मढ्यावरचं कापड वसूल करतो, ही म्हणे दुःखाची शेवटची पायरी. मग जो जन्मानंच त्या पायरीवर, त्याच्यासाठी कोण रडलं?

पुणे जिल्ह्यात गावोगाव हेच महारकीचं काम होतं. आंबेगाव तालुक्यातलं आमचं लोणी काय वेगळं? मयताचा सांगावा न्यायचा, सरपण पोचवायचं, हक्क म्हणून मढ्यावरचं कापड घ्यायचं. राजानं चार दिवस केलं, त्याचं पुराण झालं. आमच्या वाडवडलांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं, त्याचं वतन झालं. ते कायद्यानं मोडायला १९५८ साल उजाडलं.

आता पोर उठण्याचं. १८९७ सालच्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेतलं नि यशवंतच्या दवाखान्यात नेलं. त्याच प्लेगनं १० मार्चला त्यांना नेलं. सत्त्व म्हणायचं तर याला म्हणा.

खुद्द फाळक्यांची पहिली बायको नि मूल १९०० साली गोध्र्यात प्लेगनं गेलं. कोणी देव प्रकटला नाही. पुढं सिनेमे बघून बघून त्यांची नजर गेली, ती डोळ्यांच्या डॉक्टरानं उपचार करून परत आणली. नजर आली म्हणून 'हरिश्चंद्र' झाला. फाळक्यांची कारागिरी मोठीच, ती मी नाकारत नाही. पण ज्यानं डोळे वाचवले ते शास्त्र पडद्यावर आलं नाही. आला तो चमत्कार.

त्याच १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, कोलंबिया विद्यापीठात शिकायला. वर्ष एकच. आजी राजासाठी रडली, मी तिला हसत नाही. पण आपलं दुखणं कशानं हटलं, ते या दुसऱ्या गोष्टीत बघा.