डबा गाडी आणि मिस्टर के

परवा एका मित्राने विचारलं, "अरे, पन्नास वर्षं जुन्या जपानी सेडानवर लोक एवढा जीव का टाकतात?" गाडी होती डॅटसन ५१०. दिसायला म्हणाल तर लहान मुलाने पट्टी घेऊन काढल्यासारखी. चौकोनी डबा, चार दारं, संपलं. मग भानगड काय आहे?

गोष्ट सुरू होते युताका काटायामांपासून. १९६० साली निस्सानने या गृहस्थांना अमेरिकेला पाठवलं. छोटं इंजिन तिथल्या हायवेवर धापा टाकतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. नव्या गाडीला १६०० सीसीचं इंजिन हवंच, असा हट्ट त्यांनी जपानमधल्या साहेबांकडे धरला. ऑनसाइटवरून हेड ऑफिसचं मत बदलणं काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको! पण 'मिस्टर के' जिंकले.

१९६८च्या मॉडेलपासून ५१० अमेरिकेत आली. ९६ हॉर्सपॉवर, किंमत साधारण दोन हजार डॉलर. खरी गंमत मात्र गाडीच्या पोटाखाली होती. इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, हे तर आपल्या कुर्ल्याच्या फियाटमध्येही होतं. पण फियाटची मागची चाकं एकाच आडव्या ॲक्सलला जखडलेली, वर पाटे. ५१० सेडानचं मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र. एक खड्ड्यात गेलं तरी दुसरं आपलं रस्ता धरून. तेव्हा ही चैन बीएमडब्ल्यूसारख्या महाग गाड्यांत मिळायची. शोरूममध्ये गिऱ्हाईक खाली वाकून थोडंच बघतं? तरी दिली.

मग रस्त्यानेच निकाल दिला. १९७०ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली हिने जिंकली. अमेरिकेत पीटर ब्रॉकच्या टीमने, जॉन मॉर्टन चालवत असताना, १९७१ आणि १९७२ अशी दोन वर्षं ट्रान्स-ॲमच्या अडीच लिटरखालच्या गटाचं विजेतेपद पटकावलं.

१९७३नंतर ५१० तिथे बंद झाली. पण नंतरच्या डॅटसनचं दोन लिटरचं इंजिन हिच्यात फार खटपट न करता बसतं, त्यामुळे हौशी मंडळी आजही ती उघडतात, जोडतात, पळवतात. काटायामा २०१५ साली, १०५व्या वर्षी गेले.

असो. गेल्या महिन्यात डेडलाइनपायी मी अर्ध्या टेस्ट केसेस उडवल्या. "क्लायंटला कुठे दिसणार आहेत?" हे माझेच शब्द. आता सोमवारी त्या परत लिहायला बसणार आहे.