मामांचा खिसा

स्मरणिकेसाठी लेख मागायला बाईंचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "बाई, मी इतिहासात काठावर पास होणारी मुलगी." बाई म्हणाल्या, "म्हणूनच. तीस वर्षांनी तरी गृहपाठ पूर्ण कर." विषय मात्र त्यांनी माझ्यावर सोडला. तर हा गृहपाठ. माणसं रोज घराबाहेर पडताना खिशात, कमरेला, बटव्यात काय घेऊन निघत आली आणि ते कशावरून ठरवत आली, याबद्दलचा.

विषय सुचला एका प्लास्टिकच्या पिशवीमुळे. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरनी त्यांच्या खिशातल्या वस्तू पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. टेस्टर, लाकडी मुठीचा छोटा चाकू, पुठ्ठ्याला गुंडाळलेली फ्यूज वायर, किल्ल्यांच्या कडीत अडकवलेल्या तीन सेफ्टी पिना, काड्यापेटी, दोन रबरबँड आणि खडूचा एक तुकडा. निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेल्या माणसाच्या खिशात खडू! तुमच्यापैकी बहुतेकांनी ओळखलं असेल. प्रयोगशाळेतले तुमचे मामा, माझे बाबा. शाळेत मीही त्यांना मामाच म्हणायचे. तो फुगलेला खिसा घेऊन ते वर्गात आले की मी वहीत डोकं घालायचे. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं होतं की नाही, माहीत नाही. त्यांच्या नक्की आलं होतं.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी आपण सातवीत होतो. त्या दिवशी इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात सुमारे ३,२०० मीटर उंचीवर, फिरायला गेलेल्या एका जर्मन जोडप्याला वितळत्या बर्फात एक मृतदेह दिसला. आधी वाटलं, कुणी अलीकडचा गिर्यारोहक असेल. निघाला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस. ओट्झताल या भागावरून त्याचं नाव पडलं ओट्झी. त्याच्यामुळे झालेला मोठा फायदा असा, की तो थडग्यात नव्हता. थडग्यात लोक मृताबरोबर काय ठेवायचं ते विचार करून ठेवतात. हा माणूस चालता चालता मेला, त्यामुळे त्या दिवशी त्याच्याजवळ जे होतं तेच आपल्याला मिळालं.

त्याच्या कमरेला कातड्याची छोटी पिशवी होती. तिच्यात गारगोटीच्या दगडाची तीन हत्यारं, एक खरवडायला, एक भोक पाडायला, एक कापायला. हाडाची आर. आणि झाडावर उगवणारी, ठिणगी धरणारी बुरशी. शिवाय पेन्सिलीसारखं एक लाकडी साधन होतं, टोकाला शिंगाचा तुकडा बसवलेलं. ते दगडी पात्याची धार काढण्यासाठी, म्हणजे त्याचं शार्पनरच. भूर्ज झाडाच्या सालीच्या डब्यात मेपलच्या पानांत गुंडाळलेले कोळसे होते, विस्तव सोबत नेता यावा म्हणून.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. त्याचं धनुष्य अर्धवट तासलेलं होतं. चौदा बाणांपैकी दोनच पुरे झालेले. म्हणजे शस्त्रं अपुरी, पण दुरुस्तीचं सामान पूर्ण. तो मेला तोही डाव्या खांद्यात बाण घुसून, हे २००१ मध्ये एक्स-रेवरून कळलं. कमरेच्या पिशवीतली एकही वस्तू त्या बाणापुढे कामाची नव्हती. रोज जवळ बाळगायच्या वस्तू माणूस मोठ्या संकटाचा विचार करून निवडत नाही, असं मला त्यावरून वाटतं. काहीतरी तुटेल, फाटेल, बोथट होईल, विझेल, आणि ते आपल्यालाच नीट करावं लागेल, या हिशोबाने निवडतो.

आपल्याकडची चंची आठवते का? माझ्या आजोबांची होती. कप्प्याकप्प्यांची कापडी पिशवी, तिच्यात पान, सुपारी, तंबाखू, चुन्याची डबी, अडकित्ता. काड्यापेटी घरोघरी येण्याआधी लोक चकमक, गारगोटी आणि ठिणगी धरायला कापूस बाळगत. ओट्झीची बुरशी आणि आपला कापूस, काम एकच.

मग सैन्य आलं आणि खिशात काय असावं हे दुसरंच कुणीतरी ठरवू लागलं. स्विस सैन्याने १८८९ ची नवी श्मिट-रुबिन रायफल घेतली. ती खोलायला पेचकस लागे. डबाबंद अन्न आलं होतं, त्याला डबा उघडणी हवी. म्हणून पातं, डबा उघडणी, पेचकस आणि आर असलेला एकच घडीचा चाकू शिपायांना द्यायचं ठरलं. पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणावी लागली, कारण एवढे चाकू करण्याची ताकद स्वित्झर्लंडमध्ये कुणाकडे नव्हती. इबाख गावच्या कार्ल एल्सनर या कारागिराला ते झोंबलं. १८९१ पासून त्याने हे चाकू पुरवायला सुरुवात केली आणि त्या नादात जवळजवळ दिवाळं काढलं. १८९७ मध्ये त्याने हलका, देखणा 'ऑफिसरचा चाकू' काढला. मुठीच्या दोन्ही बाजूंना हत्यारं आणि दोन्हींना मिळून एकच स्प्रिंग. इंजिनिअर म्हणून त्या स्प्रिंगपुढे मी हात जोडते. त्यात आणखी एक छोटं पातं होतं आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू. सैन्याने हा चाकू अधिकृत सामानात घेतला नाही. अधिकाऱ्यांनी तो पदरच्या पैशाने विकत घेतला, आणि पुढे जगभर गाजला तो हाच.

हे वाचताना मला बाबांची डायरी आठवली. तीही पिशवीतच होती, वर सांगायची राहिली. शेवटच्या पानांवर हिशोब. 'फ्यूज वायर', 'काड्यापेटी', 'पिना', पुढे रुपये. शाळेने त्यांना या वस्तू बाळगायला कधी सांगितलं नव्हतं. दहावीच्या स्नेहसंमेलनात ऐन नाटकात वीज गेली, तेव्हा अंधारात कुणीतरी बोर्डापाशी काडी पेटवली आणि पाच मिनिटांत दिवे आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, राजाच्या एण्ट्रीला. त्या राजाचा अंगरखाही मागून तीन पिनांवर उभा होता. राजा हे वाचत असेल.

पिनेचं सांगते. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १० एप्रिल १८४९ रोजी सेफ्टी पिनेचं पेटंट घेतलं आणि त्याचे हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. एकाच तारेला वेटोळं देऊन केलेली स्प्रिंग, आणि टोक बोटाला लागू नये म्हणून टोपण. आपल्या आयांच्या बांगड्यांत, मंगळसूत्रात ती कायमची जाऊन बसली, कारण त्यांना खिसाच नव्हता. पैसे कनवटीला, किल्ल्या कमरेला, पिना बांगडीत. खिसा नसलेल्या माणसाने अंगावरच जागा शोधली. युरोपातल्या बायकाही कित्येक वर्षं घागऱ्याखाली कमरेला बांधायचे सुटे खिसे वापरत. आमच्या आईला मी एकदा विचारलं, पिन नेमकी कुणासाठी? ती म्हणाली, "स्वतःची कधी लागली आठवत नाही गं. दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल तुटते."

आता लिंकन. १४ एप्रिल १८६५ रोजी नाट्यगृहात गोळी लागली त्या रात्री त्यांच्या खिशांत चष्म्याचे दोन जोड होते, काच पुसायचं साधन, छोटा चाकू, रुमाल आणि पाकीट. पाकिटात शत्रूपक्षाची, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांची पाच डॉलरची नोट आणि वर्तमानपत्रांतली नऊ कात्रणं, त्यांतली बरीचशी त्यांचं कौतुक करणारी. चष्म्याचे दोन जोड ठेवण्याला आमच्या क्षेत्रात बॅकअप म्हणतात. त्यातल्या एकाची काडी मोडली होती आणि ती दोऱ्याने बांधली होती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने. या वस्तू त्यांच्या नातीने १९३७ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या, पण पेटी लोकांसमोर उघडली १९७६ मध्ये. तोवर ती तिजोरीतच होती. इतकी वर्षं का नाही उघडली, असं आधी वाटायचं. माझी पिशवी मी दोन वर्षं कपाटात ठेवली, तेव्हापासून वाटत नाही.

नंतर त्यातला चाकू मी पर्समध्ये ठेवू लागले. बाकी सगळं, घड्याळ, टॉर्च, डायरी, पाकीट, हल्ली फोनने गिळलंय, पण फोनने पेरू कापता येत नाही. एकदा कामासाठी सकाळचं विमान होतं. २००१ नंतर केबिनमध्ये पात्याची वस्तू चालत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. पर्समध्ये चाकू आहे हे मात्र विसरले. तपासणीतल्या मुलीने तो काढून नम्रपणे समोर ठेवला. परत जाऊन सामानात द्यायला वेळ नव्हता. डब्यात मीच टाकला तो. ती मुलगी विचारत होती, "मॅडम, किमती होता का?" मी नाही म्हणाले. पुन्हा तेच केलं मी, वहीत डोकं घातल्यासारखं.

टेस्टर आहे. फ्यूज वायरही आहे, पण आता घराघरांत एमसीबी, तिला काम नाही. पिना मी माझ्या किल्ल्यांच्या कडीत घेतल्यात. तीनांतली एक मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये एका अनोळखी बाईंना दिली, त्यांच्या ओढणीसाठी.

मेळाव्याला मी रेल्वेने येतेय, त्यामुळे टेस्टर पर्समध्ये असेल. प्रयोगशाळेतला खिडकीजवळचा बोर्ड, ज्याचं दुसरं बटण दाबलं की चर्र आवाज यायचा, तो अजून तसाच असेल तर संयोजकांनी आधी कळवावं. बटण मी घेऊन येईन.