जेकब वेनराइट याची दैनंदिनी व नाशिकचें शरणपूर

नाशिकचा इतिहास म्हटला म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम पांडवलेण्यांतील शिलालेखांकडे व तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे वळते. सायखेड्यास गोदेच्या कांठीं बसून आम्हींही आयुष्यभर तेंच केलें. परंतु याच क्षेत्राजवळ अक्षरें गिरविलेल्या एका हातानें आफ्रिकेच्या अरण्यांत जें लिहिलें, त्याकडे आमच्या मंडळींचें लक्ष जावें तितकें गेलेलें नाहीं. म्हणून हा अल्प प्रपंच.

चर्च मिशनरी सोसायटीनें १८५४ च्या सुमारास नाशिकनजीक शरणपूर वसविलें. गुलामांच्या जहाजांतून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकी मुलें मुंबईस उतरत. त्यांपैकीं पुष्कळांस येथें लेखनवाचन व सुतारकी-लोहारकीसारखे धंदे शिकवीत. याओ जमातीचा जेकब वेनराइट हा त्यांतलाच. १८७२ सालीं शरणपुरांत शिकलेले जे सहा तरुण डॉ. लिव्हिंग्स्टन यास जाऊन मिळाले, त्यांत हा होता. (चुमा व सुसी हेही नाशिकचेच, असें कांहीं जण समजतात, तें खरें नव्हे. चुमा मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेंत होता.)

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं, आज झांबियांत मोडणाऱ्या चितांबोच्या गांवीं लिव्हिंग्स्टन वारला. पुढारीपण चुमा व सुसी यांजकडे होतें. परंतु लेखणी चालविणारा जेकब. मयताच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडल्या, तेव्हां आंतील जिनसांची यादी त्यानें लिहिली. काळीज व आंतडीं झाडाखालीं पुरतांना अंत्यविधीची उपासना त्यानेंच वाचली. भोंवतालचे अनेक जण त्या धर्माचे नव्हते, तरी तो कचरला नाहीं. मग उन्हांत वाळविलेला देह घेऊन मंडळी समुद्राकडे निघाली. प्रेत वाहून नेणें त्या मुलखांत किती धोक्याचें होतें, हें कासेकेरा येथील प्रसंगावरून कळतें. तेथें लोकांनीं वाट अडविली, तेव्हां प्रेत परत पाठवीत आहों असें भासवून एक खोटें गाठोडें मागें रवाना केलें, आणि खरें प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखें बांधून पुढें काढलें. त्यापूर्वीं उन्यान्येंबे येथें लेफ्टनंट कॅमेरून यानें देह तेथेंच पुरावा असा सल्ला दिला होता, तोही त्यांनीं मानला नाहीं. सुमारें नऊ महिने चालून १८७४ च्या फेब्रुवारींत ते बागामोयोस पोंचले. कित्येक साथीदार वाटेंत दगावले.

मनूनें अठरा व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप गणला आहे. दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी परत करणें, हा त्याचा गाभा. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील दाखल्यांत मात्र ठेव जमिनींत पुरून जशीच्या तशी परत देणारा चाकर दोषी ठरतो. धन्याला तिची वाढ हवी असते. हे दोन न्याय एकमेकांविरुद्ध दिसतात खरे. पण जेकबाच्या हातीं ठेवीही दोन होत्या. धन्याचा देह व कागद त्यानें जसेच्या तसे पोंचविले, आणि शाळेंत मिळालेली विद्या मात्र पुरून न ठेवतां कामास लावली. ख्रिस्ती लोक जिला देवाचें दान म्हणतात ती हीच, असें आम्हांस वाटतें.

संशोधकांस विशेष रुचेल अशी गोष्ट निराळीच आहे. जेकबानें त्या झाडावर लिव्हिंग्स्टनचें नांव, ४ मे १८७३ ही मिति व तिघां साथीदारांचीं नांवें कोरलीं. स्वतःचें कोरलें नाहीं. होरेस वॉलर यानें १८७४ सालीं छापलेल्या शेवटल्या रोजनिशींत मात्र मृत्यूची तारीख १ मे आहे, आणि बहुतेक ग्रंथकार तीच धरतात. वॉलरची हकीकत चुमा व सुसी यांच्या तोंडून इंग्लंडांत घेतलेली; कोरीव लेख जागेवरचा. ती मिति मृत्यूची नसून कोरण्याची असूं शकेल. तथापि समकालीन उत्कीर्ण लेखास सहजासहजीं चूक ठरवूं नये, असें आमचें मत आहे. १८९९ सालीं कॉड्रिंग्टन यानें तो बुंधा कापवून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे पाठविला.

जेकब प्रेताबरोबर इंग्लंडास गेला व १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत खांदेकऱ्यांत उभा राहिला. तो १८९२ सालीं उरांबो येथें वारला. त्याच्या दैनंदिनीचें जर्मन भाषांतर १८७४ सालींच पेटरमान यांच्या भूगोलविषयक पत्रांत आलें होतें. मूळ इंग्रजी हस्तलिखित स्कॉटलंडांत ब्लँटायर येथील लिव्हिंग्स्टन-संग्रहालयांत आहे. २०१९ सालीं त्याचीं छायाचित्रें इंटरनेटवर सर्वांस खुलीं झालीं. त्याच वर्षीं ऑगस्टांत गोदेचें पाणी आमच्या गांवांत शिरलें होतें, म्हणून कागद टिकणें म्हणजे काय हें आम्हांस वेगळें सांगावें लागत नाहीं.

शरणपूरच्या शाळेच्या हजिऱ्या, कारखान्याच्या पावत्या किंवा पत्रें नाशिक-निफाडकडील कोणाच्या घरीं असतील, तर त्यांनीं तीं मंडळास निदान नकलेपुरतीं दाखवावीं, अशी विनंति आहे.