कमरेवरचा काळा पट्टा

आमच्या सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या लोक मागावर जगले, म्हणून १९४५ सालचा एक शोधनिबंध मला घरचाच वाटतो. मुंबईच्या टाटा मेमोरिअलमधले पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी त्यात धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणारा त्वचेचा कॅन्सर नोंदवला. पुढे ‘धोतर कॅन्सर’ हे नाव रुळलं.

दोष कापडाचा नव्हे, एकाच जागी वर्षानुवर्षं घासण्याचा. घाम, जखम, खपली, पुन्हा जखम. ती भरायची तर त्वचेच्या तळातल्या पेशींना विभागावं लागतं. केसांच्या मुळाशीही हेच चालतं, फार वेगानं. कधी विभागायचं, कधी थांबायचं हे सांगणारी जनुकं खानोलकरांच्या काळी कुणाला ठाऊक नव्हती. त्यातली कळीची जनुकं आणि प्रथिनं शोधणाऱ्या हार्टवेल, हंट, नर्स यांना २००१ साली नोबेल मिळालं. असाच एक ब्रेक म्हणजे पी-५३: डीएनए बिघडला की तो विभाजन रोखतो. त्वचेच्या अशा कॅन्सरांत बऱ्याचदा हाच ब्रेक निकामी झालेला असतो.

साडीवाल्या बायकांतही हा कॅन्सर दिसला. माझ्या आजीच्या कमरेवर नाड्याचा काळा पट्टा आहे. बहुतेकींचा तेवढ्यावरच राहतो, कॅन्सर क्वचितच. पण तिथली जखम महिनाभर भरली नाही तर हळद लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा. आजीला मी रुंद पट्ट्याचा परकर आणून दिला. ती अजून नाडाच आवळते.