नियंत्रण वाहिनीचे विसंकेतन

मोबाइल जाळ्यातील बेस स्टेशन आपल्या क्षेत्रातील फोनना ज्या आज्ञा देते, त्या ज्या वाहिनीतून जातात तिला नियंत्रण वाहिनी म्हणतात. आणि गोंगाट, इमारतींवरून होणारी परावर्तने व शेजारच्या मनोऱ्यांचा व्यत्यय यांतून वाट काढत आलेल्या लहरींमधून त्या आज्ञेतील मूळ बिट बिनचूक परत मिळवण्याच्या क्रियेला तिचे विसंकेतन म्हणतात. ग्राहकाचे बोलणे, चित्रे आणि संदेश वेगळ्या डेटा वाहिनीतून जातात. मात्र त्या वाहिनीचा कोणता तुकडा कोणत्या फोनसाठी आहे, त्याचे संकेतन कसे केले आहे आणि फोनने स्वतःची माहिती कोणत्या क्षणी व कोणत्या वारंवारतेवर पाठवायची, हे सारे नियंत्रण वाहिनीच सांगत असल्यामुळे, तिच्यातील काही डझन बिट हुकले की त्यांच्या आधाराने वाचायचे हजारो बिटही वाया जातात. डेटा वाहिनीत चूक झाली तर फोन ती ओळखतो आणि पुन्हा पाठवण्याची विनंती करतो. नियंत्रण वाहिनीत संदेश हुकला तर तो आला होता हेच फोनला ठाऊक नसते. या क्षेत्रातील बहुतेक सर्व योजना या एका उणिवेची भरपाई करण्यासाठी आखलेल्या आहेत.

या नोंदीतील विवेचन मुख्यतः चौथ्या पिढीच्या एलटीई प्रणालीला धरून आहे. थ्रीजीपीपी या मानकसंस्थेने प्रमाणित केलेली ही प्रणाली डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम व ऑस्लो येथे प्रथम व्यावसायिक स्वरूपात सुरू झाली. तिच्यात काळाची विभागणी एक मिलिसेकंदाच्या उपचौकटींत केलेली असून, नेहमीच्या मांडणीत एका उपचौकटीत १४ चिन्हे, म्हणजे एकाच वेळी अनेक उपवाहकांवर पाठवलेल्या लहरींचे १४ लागोपाठचे तुकडे, असतात. त्यांपैकी पहिली एक ते तीन चिन्हे नियंत्रणासाठी राखलेली असतात. अगदी अरुंद पट्ट्याच्या जाळ्यात ही संख्या चारपर्यंत जाते. नियंत्रणभाग आरंभीच ठेवण्यामागे काटकसरीचा विचार आहे, कारण आपल्यासाठी काही नाही असे ठरताच फोनला उरलेल्या उपचौकटीत रेडिओ बंद ठेवून बॅटरी वाचवता येते.

नियंत्रणभाग किती चिन्हांचा आहे, हे दर उपचौकटीत बदलू शकते आणि ते पहिल्याच चिन्हातील एका छोट्या स्वतंत्र वाहिनीतून सांगितले जाते. तिच्यात अवघ्या दोन बिटांची माहिती असते, पण ती ३२ बिटांच्या संकेतशब्दात विस्तारलेली असते आणि वापरात असलेले तीन संकेतशब्द एकमेकांपासून किमान २१ ठिकाणी वेगळे असतात. शिवाय ते ३२ बिट पट्ट्याच्या चार दूरदूरच्या जागी विखुरले जातात, जेणेकरून एखादी वारंवारता क्षीण झाली तरी बाकीच्या टिकतील. दोन बिटांसाठी केलेला हा खर्च उधळपट्टीचा वाटला तरी तो योग्यच आहे. ही संख्या चुकीची वाचली गेली तर पुढील सर्व संदेशांच्या जागांचे गणित कोसळते आणि त्या उपचौकटीपुरता फोन पूर्ण बहिरा होतो.

मुख्य नियंत्रण वाहिनीतील संदेश ‘नियंत्रण घटक’ नावाच्या समान तुकड्यांत बसवले जातात. एका घटकात ३६ उपवाहक-जागा असतात आणि प्रत्येक जागेवर दोन बिट याप्रमाणे ७२ बिट मावतात. मनोऱ्याजवळच्या फोनला एक घटक पुरतो, तर क्षेत्राच्या कडेला किंवा इमारतीच्या तळघरात असलेल्या फोनसाठी तोच संदेश दोन, चार किंवा आठ घटकांवर पसरून पाठवला जातो. दहा मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात नेहमीचा आटोपशीर संदेश २७ बिटांचा असतो व त्याला १६ तपासबिट जोडले जातात. हे ४३ बिट एका घटकात बसवले तर प्रत्येक माहिती-बिटामागे जेमतेम पावणेदोन बिट हवेत जातात, आठ घटकांत बसवले तर तेरांहून अधिक जातात. हा विस्तार करणारा संकेत संवलनी प्रकारचा आहे, म्हणजे प्रत्येक बिटाची छाया त्याच्यानंतरच्या सहा बिटांच्या संकेतनावरही पडते. असे संकेत उलगडण्याची जी पद्धत अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये मांडली, ती शक्य असलेल्या सर्व मार्गांची पावलागणिक तुलना करत जाते. संकेतकाला शेवटी ठरलेल्या स्थितीत आणण्यासाठी सहा शून्ये जोडणे छोट्या संदेशात परवडत नाही, म्हणून एलटीईत संकेतकाची आरंभस्थिती संदेशाच्या शेवटच्या सहा बिटांवरून ठरवतात आणि सुरुवात व शेवट एकाच स्थितीत आणून वर्तुळ पूर्ण करतात. ती स्थिती चौसष्टांपैकी कोणती हे फोनला माहीत नसल्यामुळे विसंकेतकाला तोच संदेश एकाहून अधिक वेळा फिरवून पाहावा लागतो.

संदेश कुठे आहे, किती घटकांवर पसरलेला आहे आणि कोणत्या लांबीचा आहे, यांपैकी काहीही फोनला आधी सांगितलेले नसते. त्यासाठी आणखी एक संदेश पाठवला तर तो संदेश शोधण्याचा प्रश्न उभा राहिला असता. म्हणून मानकाने शोधाच्या जागा आखून दिल्या आहेत: सर्वांसाठी असलेल्या सामाईक भागात सहा आणि प्रत्येक फोनच्या ओळखक्रमांकावरून ठरणाऱ्या खास भागात सोळा, अशा एकूण २२ जागा. प्रत्येक जागी दोन लांब्या गृहीत धरून फोन दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त ४४ वेळा विसंकेतन करून पाहतो. याला अंध विसंकेतन म्हणतात. प्रत्येक प्रयत्नातून काही ना काही बिट बाहेर पडतातच, कारण विसंकेतकाला निव्वळ गोंगाट दिला तरी तो त्यातून सर्वांत जवळचा वाटणारा संदेश काढून देतो. खरा संदेश ओळखण्याचे साधन म्हणजे ते १६ तपासबिट. पाठवताना त्यांवर त्या फोनच्या १६ बिटांच्या तात्पुरत्या ओळखक्रमांकाचा मुखवटा चढवलेला असतो. फोन आपल्या क्रमांकाने तो उतरवतो, आणि हिशेब जुळला तर संदेश शाबूत आहे व आपल्याचसाठी आहे, या दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध होतात. जाळ्याची सर्वसाधारण माहिती व येणाऱ्या कॉलची हाक यांसाठी ६५५३५ आणि ६५५३४ हे क्रमांक राखलेले आहेत. हा मुखवटा म्हणजे गुप्तता नव्हे. नियंत्रण वाहिनी कूटबद्ध नसते आणि पुरेसे चांगले ग्राहकयंत्र असलेला कोणीही तिच्यातील क्रमांक परत काढू शकतो.

१६ तपासबिट पुरेसे वाटतात, पण हिशेब मांडला की त्यांची मर्यादा दिसते. गोंगाटातून निघालेली निरर्थक बिटमालिका योगायोगाने तपासणीत उत्तीर्ण होण्याची शक्यता ६५,५३६ मध्ये एक आहे. उपचौकटीला ४४ प्रयत्न आणि सेकंदाला एक हजार उपचौकटी धरल्या तर दीड सेकंदाला सरासरी एक, म्हणजे मिनिटाला सुमारे ४० खोटे संदेश फोन खरे मानील. असा मिथ्या स्वीकार त्या फोनपुरता राहत नाही. खोट्या आज्ञेने फोनला पाठवण्याची परवानगी मिळाल्याचा भास झाला, तर तो दुसऱ्याला दिलेल्या वारंवारतेवर बोलू लागतो आणि त्या निरपराध फोनची माहिती बिघडवतो. ठरावीक अंतराने आपोआप पाठवत राहण्याची आज्ञा, जी मुख्यतः आवाजाच्या कॉलसाठी असते, चुकून स्वीकारली गेली तर हा उपद्रव चालूच राहतो. म्हणून त्या आज्ञेतील काही रकाने ठरावीक मूल्यांचे असलेच पाहिजेत असा नियम करून तपासबिटांना आणखी बळ दिलेले आहे. उरलेली चाळणी फोन बनवणाऱ्याने लावायची असते. तपासणीत उतरलेला संदेश पुन्हा संकेतित करून तो प्रत्यक्ष आलेल्या लहरींशी किती जुळतो हे पाहणे, विजयी मार्ग व त्याच्या मागचा मार्ग यांतील अंतर मोजणे, संदेशातील मूल्ये मुळात अर्थपूर्ण आहेत का हे तपासणे, असे त्याचे मार्ग आहेत. मात्र चाळणी फार बारीक केली तर क्षीण पण खरे संदेशही नाकारले जातात, आणि हा तोल साधणे हेच विसंकेतकाच्या रचनाकाराचे खरे कसब आहे.

संदेश हुकण्याचे परिणाम याहून सूक्ष्म असतात. साध्या प्रसंगी फोनकडून पोच येत नाही, बेस स्टेशनला ती शांतता जाणवते आणि ते पुन्हा पाठवते. परंतु पाठवणे व घेणे एकाच पट्ट्यात आळीपाळीने चालते त्या टीडीडी प्रकारात अनेक उपचौकटींची मिळून एकच पोच देण्याची पद्धत आहे. तिच्यात फोनला तीनपैकी मधली आज्ञा दिसलीच नाही, तर तो उरलेल्या दोन्ही व्यवस्थित मिळाल्याची पोच देतो आणि बेस स्टेशनची समजूत होते की तिन्ही तुकडे पोहोचले. मग हरवलेला तुकडा वरच्या थराला उशिरा उमगतो, आणि आवाजाच्या कॉलमध्ये तो कायमचा जातो. यावर उपाय म्हणून प्रत्येक आज्ञेत दोन बिटांचा चालू क्रमांक घातलेला आहे. एकानंतर थेट तीन दिसला की मधला हुकल्याचे फोनला कळते. अनुपस्थिती मोजता यावी यासाठी केलेली ही तरतूद संपूर्ण प्रणालीतील सर्वांत नेमक्या योजनांपैकी एक म्हणावी लागेल. भारताच्या दृष्टीने तिला विशेष महत्त्व आहे, कारण २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू झालेली देशातील पहिली एलटीई सेवा २३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील टीडीडी प्रकारचीच होती.

संदेश मिळूनही त्याची जागा चुकू शकते. दहा मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील वर उल्लेखिलेला संदेश प्रत्यक्षात २६ बिटांचाच भरतो. तपासबिट मिळवून ४२ आणि तिप्पट संकेतनानंतर १२६ बिट होतात. आठ घटकांची जागा भरण्यासाठी हेच बिट चक्राकार पुन्हा पुन्हा लिहिले जातात आणि ५०४ बिटांनंतर, म्हणजे नेमके सात घटक संपल्यावर, चक्र पुन्हा पहिल्या बिटावर येते. त्यामुळे आठवा घटक एकटा वाचला तरी तो स्वतंत्र, संपूर्ण संदेश दिसतो. पोच कोणत्या जागी द्यायची हे संदेशाच्या पहिल्या घटकाच्या क्रमांकावरून ठरत असल्याने, आठव्या घटकालाच संदेशाची सुरुवात समजणारा फोन बरोबर पोच चुकीच्या जागी देऊन बसतो. अशा अडचणीच्या दहा लांब्या मानकात नोंदवलेल्या असून त्यांना एक निरर्थक शून्य जोडावे असा नियम आहे, आणि २६ चे २७ होतात ते याचमुळे.

लहरींची प्रत ओळखण्यासाठी फोन ठरावीक जागी पाठवलेल्या परिचित खुणांवरून वाटेतील विकृतीचा अंदाज बांधतो व मधल्या जागांसाठी तो पुढे-मागे जोडून घेतो. १८०० मेगाहर्ट्‌झवर ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आगगाडीत वारंवारता सुमारे २०० हर्ट्‌झने सरकते, आणि अंदाज बांधून वापरेपर्यंत तो शिळा होऊ लागतो. याहून मोठा शत्रू शेजारचे मनोरे. समकालित जाळ्यात सर्वांचे नियंत्रणभाग त्याच क्षणी येतात, आणि डेटा वाहिनीप्रमाणे पहिला व दुसरा प्रयत्न एकत्र जोडून वाचण्याची सोय इथे नाही. प्रत्येक संदेश पहिल्याच फटक्यात वाचावा लागतो. मानकाच्या दहाव्या आवृत्तीत शेजारी मनोऱ्याने काही उपचौकटी जवळजवळ रिकाम्या सोडाव्यात अशी तरतूद आली, ती प्रामुख्याने यासाठी. जोडणी टिकून आहे की तुटली, याचा निवाडाही फोन डेटाच्या वेगावरून करीत नाही: परिचित खुणांच्या प्रतीवरून एक काल्पनिक नियंत्रण संदेश किती वेळा हुकला असता याचा तो अंदाज घेतो, आणि हे प्रमाण १० टक्क्यांवर गेले की जोडणी सुटली व २ टक्क्यांखाली आले की सावरली असे मानतो. नेहमीच्या वापरात एक टक्का चूक हे उद्दिष्ट धरले जाते.

पाचव्या पिढीत, जी भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, संवलनी संकेताची जागा ध्रुवीय संकेताने घेतली. अंकारा येथील बिल्केंट विद्यापीठातील एर्दाल आरिकान यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला हा संकेत नोव्हेंबर २०१६ मध्ये नियंत्रण वाहिनीसाठी निवडला गेला. सिद्धान्त मांडल्यापासून सात वर्षांत जगभरच्या फोनसाठी निवड होणे ही मोठीच मजल आहे. ध्रुवीय संकेताचे विसंकेतन करताना अनेक संभाव्य मार्गांची यादी शेवटपर्यंत सांभाळतात आणि अखेरची निवड तपासबिटांवर सोपवतात. आठ मार्गांच्या यादीत तपासबिटांपैकी तीन बिटांचे बळ असे खर्च होते, तरीही तपासबिट २४ केल्यामुळे २१ उरतात आणि तितक्याच प्रयत्नांत मिथ्या स्वीकार पाऊण मिनिटाला एकाच्या आसपास येतो. काही तपासबिट संदेशात मध्येच पेरलेले असल्याने जुळणार नाही असे दिसताच प्रयत्न अर्ध्यावर सोडून वीज वाचवता येते. पसरण्याची मर्यादा १६ घटकांपर्यंत वाढली आणि प्रत्येक संदेशासोबत त्याच्या स्वतःच्या परिचित खुणा आल्या. मीटर व संवेदकांसाठीच्या अरुंदपट्टा प्रणालीत मात्र वेगाची घाई नसल्याने साधाच मार्ग घेतला आहे: नियंत्रण संदेश २०४८ वेळांपर्यंत परत परत पाठवता येतो.

मानकात संकेतन कसे करावे हे बिटाबिटाने ठरवलेले आहे, परंतु विसंकेतन कसे करावे याचा एकही नियम नाही. ठरावीक परिस्थितीत किती संदेश हुकले तर चालतील, एवढीच किमान अट घातलेली आहे. त्यामुळे एकाच जागी, एकाच जाळ्यावर धरलेल्या दोन फोनपैकी एकाचा कॉल टिकतो व दुसऱ्याचा तुटतो, तेव्हा त्यामागे ॲन्टेना व ग्राहकयंत्राच्या प्रतीबरोबर त्यांच्या विसंकेतकांतील हा फरकही असू शकतो, आणि फोनच्या जाहिरातीत किंवा माहितीपत्रकात त्याचा आकडा दिलेला नसतो.