उशाशी बसलेला सोबती

रुग्णालयांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात इमारतींची, देणगीदारांची आणि नामवंत शल्यविशारदांची नोंद आवर्जून होते. खाटेच्या उशाशी स्टुलावर बसून रात्र जागवणाऱ्या पतीची वा पत्नीची नोंद मात्र सहसा आढळत नाही. वास्तविक कर्करोग घरात शिरला की तो एकट्याला होत नाही, जोडप्याला होतो. औषधोपचार सुरळीत चालले आहेत असे वाटत असतानाच एखाद्या रात्री ताप चढतो, श्वास लागतो आणि हातात सापडेल ते घेऊन रुग्णालय गाठावे लागते. अशा वेळी दोघांपैकी जो धडधाकट, त्याने काय करावे? आणि त्याला आधार कोणी द्यावा? या प्रश्नांची उत्तरे इतिहासात कशी घडत गेली, त्याचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

फ्रान्समधील रेंस शहरात जाँ गोदिनो या धर्मगुरूंनी १७४० साली खास कर्करुग्णांसाठी रुग्णालय स्थापन केले. परंतु हा रोग संसर्गजन्य आहे, अशी त्या काळी समजूत होती. लोकांच्या भीतीपोटी १७७९ साली ते रुग्णालय शहराबाहेर हलवावे लागले. रुग्णाला जिथे गावच दूर लोटत होते, तिथे त्याच्या जोडीदाराच्या मनाचा विचार कोण करणार? ही भीती आपल्याकडेही फार जुनी नाही. कर्करुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरे अनेकांच्या आठवणीत असतील. कर्करोग सहवासाने पसरत नाही, हे आज निर्विवाद आहे. म्हणूनच पतीने पत्नीचा हात हातात घेऊन बसणे यात धोका काही नाही, दिलासा मात्र पुष्कळ आहे.

या भीतीला पहिले मोठे उत्तर एका विधवेने दिले. लिआँ येथील जान गार्निए यांनी ऐन तारुण्यात पती आणि दोन्ही मुले गमावली होती. १८४२ साली त्यांनी आपल्यासारख्याच विधवांना एकत्र आणून एक संघ उभारला. रुग्णालयांनी असाध्य म्हणून सोडून दिलेल्या, प्रामुख्याने कर्करोगाने ग्रासलेल्या स्त्रियांच्या जखमा त्या स्वतः धूत. ज्यांनी स्वतःच्या घरात मरण पाहिले, त्याच परक्यांच्या उशाशी बसल्या, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. वियोगातून आलेले शहाणपण त्यांनी वाया जाऊ दिले नाही.

असेच उदाहरण आपल्या मुंबईतही घडले. सर दोराबजी टाटा आणि मेहेरबाई यांचा विवाह १८९८ साली झाला. मेहेरबाई स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या, साडी नेसून टेनिस खेळणाऱ्या तडफदार बाई होत्या. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि १८ जून १९३१ रोजी वेल्समधील रुथिन येथील शुश्रूषागृहात त्यांचे निधन झाले. त्या काळी या रोगाला आवर घालील असे खात्रीचे औषध जगात कुठेच नव्हते. लहान मुलांतील रक्ताचा कर्करोग औषधाने तात्पुरता का होईना, मागे हटतो, हे अमेरिकेतील डॉ. सिडनी फार्बर यांनी दाखवले तेही १९४८ साली. पोलादाचा कारखाना उभारणाऱ्या घराण्याची संपत्ती पत्नीचा प्राण विकत घेऊ शकली नाही.

दोराबजींनी १९३२ साली पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी स्थापन केला आणि आपली उरलेली संपत्तीही विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. त्याच वर्षी ३ जून रोजी जर्मनीत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या निधीतूनच २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. पुढे १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. आज त्या रुग्णालयासमोरील रस्ता तेथील ख्यातनाम गोमंतकीय शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाने ओळखला जातो.

परंतु प्रत्येकाला रुग्णालय बांधता येत नाही. सामान्य सोबत्याने काय करावे, याचे उत्तर आम्हांला ऑक्सफर्डच्या एका जोडप्यात सापडते. नार्नियाच्या कथांचे लेखक सी. एस. लुईस यांनी एप्रिल १९५६ मध्ये जॉय डेव्हिडमन या अमेरिकन लेखिकेशी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तो मुख्यतः तिला इंग्लंडमध्ये राहता यावे म्हणून. दोघे राहतही वेगवेगळे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जॉय घरात पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. रुग्णालयात नेल्यावर कळले की कर्करोगाने हाड आधीच पोखरले होते. एका पडण्याने सगळे आयुष्य पालटले. २१ मार्च १९५७ रोजी रुग्णालयातील खाटेपाशीच एका अँग्लिकन धर्मगुरूने त्यांचा धार्मिक विवाह लावला. काही दिवसांतच लुईस यांनी तिला घरी आणले, ते शेवटचे दिवस तरी आपल्या छपराखाली जावेत म्हणून. पण आजार काही काळ मागे हटला आणि ती पुन्हा चालू लागली. १३ जुलै १९६० रोजी तिने देह ठेवला. लुईस काही वैद्य नव्हते. कागदावरचे नाते त्यांनी खाटेपाशी खरे केले, एवढेच त्यांनी केले. आणि ते थोडे नव्हते.

रुग्णाच्या वेदनेत त्याच्या कुटुंबाची वेदनाही मिसळलेली असते, हा विचार वैद्यकाने गंभीरपणे स्वीकारला तो डॉ. सिसिली सॉन्डर्स यांच्यामुळे. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर आश्रय-रुग्णालय सुरू केले. हा विचार भारतात रुजवला तो डॉ. एल. जे. डिसोजा यांनी. त्यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली वांद्रे येथे शांती आवेदना सदन उभे राहिले. भारतातील अशा प्रकारची ती पहिली संस्था होय. सोबत्यांच्या निवाऱ्याचा विचार मात्र आपल्याकडे संत गाडगेबाबांनी आधीच केला होता. जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी १९५४ साली धर्मशाळा बांधली. खाटेवरच्या माणसाची काळजी डॉक्टर घेतील, पण खाटेखाली चटई टाकणाऱ्याने कुठे निजावे, हे त्या निरक्षर संताने ओळखले.

या इतिहासातून आपण आज काय घ्यावे? पहिली गोष्ट म्हणजे तयारी. केमोथेरपीनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. अशा रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप आला, तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा. तपासण्यांची फाईल, चालू औषधांची यादी, शेवटच्या केमोथेरपीची तारीख आणि डॉक्टरांचा क्रमांक एकाच पिशवीत तयार असावा. घाईच्या रात्री ही पिशवीच अर्धा धीर देते. डॉक्टर सांगतात ते घाबरलेल्या मनात टिकत नाही, म्हणून ते वहीत लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे संयम. भेटायला कोणी यावे, आजाराविषयी कोणाला किती सांगावे, हे रुग्णालाच विचारावे. त्याच्यावतीने सारे ठरवून टाकणे प्रेमापोटी होते खरे, पण त्यामुळे तो आपल्याच घरात परका होतो. बोलण्यासारखे काही उरले नसेल, तर नुसते शेजारी बसावे.

तिसरी गोष्ट तुम्हा-आम्हा शेजाऱ्यांसाठी आहे. एखादी स्त्री पतीसोबत रुग्णालयात अडकून पडली असता ‘काही लागले तर सांग’ म्हणणे सोपे असते. पण ती सांगत नाही. तिच्या मुलांना शाळेत पोचवणे, दुपारचा डबा नेणे, एक रात्र तिच्याऐवजी उशाशी बसणे, ही कामे न विचारता वाटून घेता येतात. सोबती जेवला, चार तास निजला, तरच तो दुसऱ्या दिवशी धीर देऊ शकतो. धर्मग्रामातील दहा घरांनी मनावर घेतले, तर दहा रात्रींचा प्रश्न सुटतो.

लग्नाच्या वेळी आपण आजारपणातही एकमेकांना साथ देण्याचे वचन देतो. ते उच्चारणारी माणसे दोन असतात, पण ऐकणारे सारे मंदिर भरलेले असते. साक्षीदार केवळ लग्नाच्या जेवणापुरते नसतात. त्या वचनाची एखादी रात्र आपल्याही वाट्याला येते, असे आम्हांला वाटते.