जुन्या फाइलवर नवी फाइल

विंडोज ३.१च्या काळात अनेक प्रोग्रॅम एकाच सिस्टिम फोल्डरमधल्या सामाईक डीएलएल फाइली वापरत. नवा प्रोग्रॅम टाकताना त्याचा इन्स्टॉलर आपल्याजवळची प्रत तिथे लिहून मोकळा होई. आवृत्ती तपासण्याची सोय विंडोजमध्ये होती, पण सक्ती नव्हती. मग नव्या फाइलवर जुनी बसे आणि कालपर्यंत नीट चालणारा दुसराच एखादा प्रोग्रॅम बंद पडे. दोष मात्र त्याच्याच माथी येई, हा खरा अन्याय.

१९९९मध्ये ऑफिस २०००बरोबर आलेल्या विंडोज इन्स्टॉलरने नियम घालून दिला: वरच्या आवृत्तीची फाइल टिकते. आवृत्ती क्रमांकच नसेल, तर तारखा पाहिल्या जातात. त्यातही तयार झाल्यानंतर बदललेली फाइल वापरकर्त्याची मानून तिला हात लावला जात नाही. ही काळजी फार मोलाची, कारण अशा फाइलींत लोकांनी स्वतः लावलेली घडी असते. तरीही सगळेच पुन्हा लिहायचे असेल, तर इन्स्टॉलरच्या ‘रीइन्स्टॉलमोड’ या सेटिंगमध्ये ‘ए’ हे अक्षर द्यावे लागते.

विंडोज २०००ने सिस्टिम फाइलींवर पहारा बसवला. बदललेल्या फाइलच्या जागी राखीव प्रतीवरून मूळ फाइल परत आणली जाई. २००१च्या एक्सपीत एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू लागल्या.